पुस्तकांच्या कपाटाची किल्ली



स्मरणिका समितीनं 'इतिहासाचा लेख' माझ्याकडे सोपवला, तेव्हा धारावीचा किल्ला, चिमाजीअप्पांची वसईची मोहीम नाहीतर घोडबंदर अशा एखाद्या विषयाची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आपल्याकडे बरंच बोललं जातं. मी जरा घरातला विषय घेतला आहे : पुस्तकांचं कपाट. त्याला निमित्तही आहे. या मेळाव्याच्या वेळी आपली बॅच शाळेला पुस्तकांनी भरलेली दोन काचेची कपाटं भेट देणार आहे. त्यात कोणती पुस्तकं ठेवायची यावर व्हॉट्सॲप गटात आठवडाभर चर्चा रंगली. कोणी म्हणालं, फक्त चांगली पुस्तकं द्या. कोणी म्हणालं, जाडजूड संच द्या, कपाट भरलेलं दिसेल. 'चांगलं' कोण ठरवतं, आणि भरलेलं 'दिसायचं' कोणाला, हे दोन प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळत आहेत. त्यांची उत्तरं शोधायला थोडं मागे जावं लागतं.

ग्राम्य आणि नागर

सुरुवात शब्दांपासून करू. 'ग्राम्य' म्हणजे खरं तर गावचा. पण आपण तो शब्द शिवराळ, असभ्य या अर्थानं वापरतो. 'नागर' म्हणजे शहरातला, पण त्याचा अर्थ झाला सुसंस्कृत. 'अभिजात' हा शब्द तर आणखी स्पष्ट आहे : चांगल्या कुळात जन्मलेला. म्हणजे एखादी कविता किंवा गाणं अभिजात आहे असं आपण म्हणतो तेव्हा नकळत त्याचं कूळच सांगत असतो. अभिरुचीचा आणि समाजातल्या पायरीचा संबंध शोधायला कुठे लांब जायला नको, तो आपल्या शब्दकोशातच बसलेला आहे.

आपलं मिरा-भाईंदर हे याचं चांगलं उदाहरण. भाईंदर, नवघर, खारी, गोडदेव, मिरे, काशी, राई, मुर्धे, उत्तन ही सगळी गावं. मिठागरं, मासेमारी आणि भातशेती यांवर जगणारी. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. 'ग्राम'चं 'नगर' होणं जे इतर ठिकाणी दोन-तीनशे वर्षांत झालं, ते इथे आपल्या डोळ्यांदेखत झालं. आपल्या वर्गात एका बाकावर आगरी-कोळ्यांची मुलं होती, आणि त्याच बाकावर दादर-गिरगावात जागा परवडेना म्हणून ब्लॉकमध्ये राहायला आलेल्यांची. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची मुलं होती आणि बँकेत नोकरी करणाऱ्यांचीही. गणवेश एकच होता, पण घरी कपाट होतं की नाही, आणि असल्यास त्यात काय होतं, हे प्रत्येकाचं वेगळं होतं.

बासनातली पोथी

पुस्तक जपून ठेवायचं, पण उघडायचं क्वचित, ही रीत काचेच्या कपाटाहून फार जुनी आहे. पोथी लाल कापडाच्या बासनात गुंडाळलेली असे. दसऱ्याला तिची पूजा होई. आपल्या भाईंदरमध्ये गुजराती-मारवाडी शेजार मोठा, त्यामुळे दिवाळीतलं चोपडापूजन आपण सर्वांनी पाहिलं आहे. जैन समाजात कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी असते. त्या दिवशी ग्रंथभांडारातल्या पोथ्या बाहेर काढतात, झाडतात, त्यांची पूजा करतात. न वाचताही पुस्तक जपणं म्हणजे निव्वळ दिखावा, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. या वार्षिक झाडलोटीमुळेच शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखितं कसर-वाळवीतून वाचून आपल्यापर्यंत आली आहेत.

दुसरीकडे, ज्यांच्या घरी पोथी नव्हती त्यांचं साहित्य कानातून चालत होतं. अक्षरओळख नसलेल्या वारकऱ्याला शेकडो अभंग पाठ असत. वसई-साष्टीकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी सतराव्या शतकात फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांनी इथल्या मराठीत पुराण रचलं, तेही गाण्यासाठी आणि ऐकण्यासाठी. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, आणि त्या गाण्यांतूनच लग्नाचे विधी पार पडतात. ते सगळं तिला तोंडपाठ असतं. तिचं ग्रंथालय तिच्या डोक्यात असतं, त्याला कपाट लागत नाही. पण म्हणूनच ते कोणाला दिसत नाही, आणि ते 'साहित्य' म्हणून मोजलंही गेलं नाही.

आणि तिसरे लोक होते, ज्यांना पोथीला हात लावायचीच बंदी होती. या तिघांचा इतिहास एकत्र ठेवल्याशिवाय कपाटाचा अर्थ लागत नाही.

वाचनालयं आली, पण कोणासाठी?

छपाई आली आणि पुस्तक स्वस्त झालं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, त्यामागे लोकहितवादींचा पुढाकार होता. १८९३ साली आपल्या जिल्ह्याच्या गावी, ठाण्याला, मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं. इंग्रजी शिकलेल्यांना मराठी पुस्तक कमी प्रतीचं वाटण्याच्या काळात फक्त मराठी ग्रंथ जमवायचे, हा विनायक लक्ष्मण भाव्यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा निश्चय होता. पुढे १८९८ला मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय आलं. या संस्थांचं ऋण मोठं आहे. पण त्या वर्गणीवर चालत. वर्गणी भरायला पैसा हवा, वाचायला अक्षर हवं, आणि संध्याकाळी पायरी चढून आत जायला 'आपलं इथे स्वागत आहे' ही खात्री हवी. या तीनही गोष्टी असणारा माणूस त्या काळी बहुधा एकाच थरातून येई.

महात्मा फुल्यांनी हे अचूक ओळखलं होतं. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती, तिचं निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना पाठवलं. फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की जे माणसांचे हक्कच मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. साहित्य संमेलनांचा इतिहास सांगताना आपण रानडे-लोकहितवादींपासून सुरुवात करतो. त्याच इतिहासात हे नकाराचं पत्रही ठेवायला हवं.

किल्ली हातात असलेल्यांपैकी काहींनी ती दुसऱ्यांकडे दिली, तीही उदाहरणं आहेत. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. वाचनालय नसलेल्या खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली जात. वाचून झाली की पेटी पुढच्या गावी. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशात तो पहिला मानला जातो. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७चा. आज गावोगावची अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं ज्या अनुदानावर तग धरून आहेत, ते या कायद्यामुळे.

राजगृह

सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक विद्यार्थी न्यूयॉर्कला गेला. लहानपणी संस्कृत शिकायची इच्छा असूनही जातीमुळे त्याला ते शिकवलं गेलं नव्हतं, त्याऐवजी फारशी घ्यावी लागली होती. हा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पोटाला चिमटा काढून पुस्तकं विकत घेत राहिला. १९१७ साली परत येताना ती पुस्तकं वेगळ्या जहाजानं पाठवली होती. महायुद्ध चालू होतं, पाणतीरानं ते जहाज बुडालं आणि पुस्तकं समुद्रात गेली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून जमवायला घेतली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत त्यानं घर बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. ते घर म्हणजे राजगृह, आणि तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे त्यांच्या संग्रहातला मोठा भाग सिद्धार्थ कॉलेजला गेला आणि विद्यार्थ्यांच्या हाती पडला.

ज्या समाजाला अक्षर नाकारलं गेलं, त्या समाजातल्या माणसाच्या घरी पुस्तकांचं कपाट असणं ही सजावट नव्हे. राजगृहाचे ग्रंथ अर्थातच वाचलेले होते, खुणा करून, समासात लिहून वाचलेले. पण समजा एखाद्या वस्तीतल्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांच्या भाषणांचे आणि लेखनाचे खंड ओळीनं लावलेले आहेत आणि घरच्या आजीला वाचता येत नाही. तिथे ते खंड 'दाखवण्यासाठी' आहेत का? आहेतच. ती आजी दाखवते आहे की जे आमच्यापासून दूर ठेवलं होतं ते आता आमच्या भिंतीवर आहे, आणि आमची नात ते वाचेल. बंगल्यातल्या कपाटात काय आहे आणि इथे काय आहे, हे एकाच तागडीत तोलणं न्यायाचं नाही.

काचेआडचं आणि उशाखालचं

आता आपल्या आई-वडिलांच्या पिढीकडे येऊ. १९२०च्या दशकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, भागधारक आणि वर्गणीदार जमवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. पुढे महादेवशास्त्री जोश्यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड झाले, १९७६ पासून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश येऊ लागला. या कोशांमागे प्रचंड विद्वत्ता आणि तितकीच जिद्द होती. पण घरोघरी त्यांचं आणखी एक काम होतं. एकसारख्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे खंड दिवाणखान्यात ओळीनं लावले की पाहुण्याला घरची पातळी कळे.

त्याच घरात उशाखाली मात्र वेगळी पुस्तकं असत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावं ऐकली की आजही आपल्या वडीलधाऱ्यांचे डोळे चमकतात. ही पुस्तकं भाड्यानं आणली जात, लोकलमध्ये वाचली जात, हातोहात फिरून फाटत आणि शेवटी रद्दीत जात. त्यांना काचेआड जागा मिळाली नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर तर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते सुटले. महाराष्ट्राला वाचनाची सवय कोणी लावली असं विचारलं तर आपण काचेआडची नावं सांगतो. सवय लावण्यात उशाखालच्या पुस्तकांचा वाटा मोठा होता.

गाण्याचंही तेच. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत, त्यामुळे आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. बिनाका गीतमाला घराघरात पोचली. अखेर १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. सरकारी आदेशानं अभिरुची उंचावत नाही, ती फक्त दुसऱ्या स्टेशनवर जाते. मुंबई केंद्रावरच्या कार्यक्रमांची नावं आठवून पाहा : एकीकडे 'आपली आवड', दुसरीकडे 'कामगार सभा'. 'आपली' म्हणजे कोणाची, हा प्रश्न तेव्हा आपल्याला पडला नव्हता.

आणि तमाशा? तमाशाला जाणं हे घरंदाज माणसाला शोभत नसे. त्याच बाजाचं वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' दादा कोंडक्यांनी नाट्यगृहात आणलं, त्याला 'लोकनाट्य' म्हटलं, आणि तोच घरंदाज माणूस बायकोमुलांसह तिकीट काढून गेला. गण, गौळण, बतावणी, वग ही मूळ चौकट तमाशाचीच होती. फरक पडला तो नावात, जागेत आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं आहे यात.

डिस्टिंक्शन

पिएर बोर्दिए नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं याच गोष्टीचा छडा लावायला १९६३ आणि १९६७-६८ मध्ये १,२१७ माणसांना प्रश्न विचारले. कोणतं संगीत आवडतं, घरात फर्निचर कसं आहे, कशाचा फोटो सुंदर येईल. सूर्यास्ताचा फोटो सुंदर येईल असं कमी शिकलेल्यांनी सांगितलं. जास्त शिकलेले सूर्यास्ताला नाक मुरडत होते, कोबीचा किंवा झाडाच्या सालीचा फोटोही सुंदर येऊ शकतो असं म्हणत होते. बोर्दिएचा निष्कर्ष थोडक्यात असा : आवड ही माणसाची खासगी देणगी वाटते, पण ती घरातून आणि शाळेतून येते. आपण अमक्यांपेक्षा वेगळे आहोत हे दाखवायला ती उपयोगी पडते. घरातून मिळालेल्या या संस्कारांना त्यानं भांडवल म्हटलं, कारण पैशासारखंच ते वारशानं मिळतं. १९७९ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतराचं नाव आहे 'डिस्टिंक्शन'.

आपल्याला हा शब्द चांगलाच ओळखीचा. पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेलं की डिस्टिंक्शन. बोर्दिएचं म्हणणं असं, की ज्याला घरून हे भांडवल मिळालं आहे त्याला शाळा गुण देते आणि नाव देते 'हुशारी'चं. आपला वर्ग आठवा. निबंधात अवांतर वाचनाचे दाखले कोण देत असे? ज्यांच्या घरी दिवाळी अंक येत तेच. वक्तृत्व स्पर्धेत स्वच्छ 'ण' आणि 'ळ' कोणाचे होते? त्याच घरांतल्या मुलांचे. आपल्यातल्या एका मैत्रिणीची आजी धवलारीण होती. धवले आणि कोळीगीतं त्या मैत्रिणीला इतकी पाठ होती की ती रात्रभर गाऊ शकली असती. पण वर्गात तिनं तोंड उघडलं की तिच्या बोलीला 'अशुद्ध' म्हटलं जाई, म्हणून ती गप्प बसायला शिकली. स्नेहसंमेलनात कोळीनृत्य दरवर्षी होई. त्यात नाचायला निवड होई ती बहुधा इमारतींत राहणाऱ्या मुलींची, कारण भाड्याच्या पोशाखाचे पैसे त्यांना परवडत. उत्तनच्या मुली खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत. त्या नाचातली सजावट शाळेला हवी होती, पण ती गाणी जिच्या घरची होती तिला स्टेजवर जागा नव्हती.

हे लिहिताना कोणा शिक्षकांना दोष द्यायचा हेतू नाही. प्रमाण भाषा शिकवणं हे त्यांचं काम होतं, आणि ती आली म्हणूनच आपल्यातल्या अनेकांना नोकऱ्या लागल्या. स्वतःच्या डब्यातली पोळी मुलांना देणाऱ्या बाई आणि सुट्टीत फुकट गणितं घेणारे सर आपल्यापैकी कोण विसरेल? पण शुद्ध-अशुद्धाची ती पट्टी आपल्या शाळेत तयार झाली नव्हती. ती वरून खाली आली होती, वरच्या पायरीवरून.

हॉलमधलं शोकेस

मग ब्लॉक आले आणि ब्लॉकबरोबर शोकेस आलं. १९८०-९०च्या दशकांत आपल्या घरांमध्ये सनमायका लावलेलं, सरकत्या काचांचं शोकेस भिंतभर असे. मध्ये टीव्ही. एका खणात कधीच न वापरलेला कपबश्यांचा सेट, एकात बाहुली आणि ट्रॉफी, आणि एकात पुस्तकं : 'श्यामची आई', 'मृत्युंजय', 'स्वामी', लग्नात आलेली ज्ञानेश्वरी, आणि हप्त्यावर घेतलेला एखादा इंग्रजी ज्ञानकोश.

त्या इंग्रजी ज्ञानकोशाची नंतर पुष्कळ थट्टा झाली. माझ्या वडिलांनीही घेतला होता. ते पाळीवर काम करत आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. विक्रेता दारावर आला, मुलांच्या भविष्यासाठी घ्या म्हणाला, आणि त्यांनी पगारातून बारा हप्ते भरले. त्या खंडांची काही पानं शेवटपर्यंत एकमेकांना चिकटलेलीच राहिली. व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १८९९ साली दिखाऊ खर्चावर पुस्तक लिहिलं. त्याहून कितीतरी आधी रोमच्या सेनेकानं न वाचणाऱ्या श्रीमंतांच्या ग्रंथसंग्रहांची टर उडवली होती. दोघांचंही लक्ष्य होतं ज्यांच्याकडे सगळं आहे असा माणूस. माझ्या वडिलांचा खर्च त्या जातीचा नव्हता. जी दुनिया आपल्याला बंद आहे तिचं तिकीट मुलांसाठी काढून ठेवावं, तसा तो होता. फसवणूक झाली असेल, पण ती हौशीपेक्षा आशेची होती.

म्हणून 'दाखवायला ठेवलेली पुस्तकं' या शब्दांत तीन वेगवेगळी माणसं मावतात. एक, ज्याच्या आज्या-पणज्यांपासून पुस्तकं आहेत आणि तो ती वारशासारखी दाखवतो. दोन, जो नुकताच वर येतो आहे आणि 'मीही इथला' असं सांगतो. तीन, ज्याला पुस्तक नाकारलं गेलं होतं आणि तो आपला हक्क दाखवतो. पहिल्यानं दुसऱ्याला हसावं, ही आपल्याकडची फार जुनी करमणूक आहे.

कपाट नसतानाही साहित्य घडलंच. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा' लिहिली, ती १९५९ साली आली. नारायण सुर्वे गिरणीत राबले, पालिकेच्या शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले आणि मोठे कवी झाले. १९७४ साली सुरू झालेल्या 'ग्रंथाली'नं सभासद-वाचकांच्या बळावर कमी किमतीत पुस्तकं पोचवायला घेतली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली तिथूनच आलं आणि मध्यमवर्गाच्या कपाटात त्यानं स्वतःची जागा करून घेतली. त्यानंतर 'चांगलं मराठी पुस्तक' या शब्दांचा अर्थ पहिल्यासारखा राहिला नाही. म्हणजे अभिरुची बदलते. नवे लोक लिहू लागले, छापू लागले, आणि त्यांचं वाचणारे वाढले की ती बदलते.

आज आपल्या घरी

आज आपण काय करतो आहोत? २०२०च्या टाळेबंदीत घराघरातून व्हिडिओ मीटिंगा सुरू झाल्या आणि मागे पुस्तकांचं कपाट दिसेल अशी खुर्ची लावण्याची चढाओढ जगभर लागली. परदेशात सजावटीसाठी फुटावर पुस्तकं विकण्याचा धंदाच आहे. रंग सांगा, लांबी सांगा, पुस्तकं घरपोच. आपल्याकडच्या नव्या टॉवरांतही कपाटातल्या पुस्तकांचा रंग पडद्यांशी जुळवलेला मी पाहिला आहे.

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं इंग्रजी माध्यमात शिकली. त्यात चूक काढावी असं नाही, पोटापाण्याचा हिशेब सगळ्यांनीच केला. पण आता आपल्या शोकेसमध्ये खालच्या खणात मुलांची इंग्रजी पुस्तकं आहेत, ती वाचून मळलेली, आणि वरच्या खणात मराठी पुस्तकं आहेत, स्वच्छ. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण सगळ्यांनी गटात अभिमानाचे संदेश टाकले, मीही टाकला. त्यातले कित्येक संदेश रोमन लिपीत होते. आपल्या वडिलांच्या शोकेसमध्ये जी जागा त्या इंग्रजी ज्ञानकोशाची होती, ती आपल्या घरात मराठीची होऊ लागली आहे : मानाची, वरची, आणि हात न लागणारी. फरक एवढाच, की वडील जे वाचू शकत नव्हते ते मुलांनी वाचावं म्हणून ठेवत होते. आपण मात्र जे वाचू शकतो, ते मुलं वाचू शकणार नाहीत हे माहीत असताना ठेवतो आहोत.

आणि आपल्या शाळेत आज कोण आहे? मराठी शाळेत आज बहुतांशी त्या घरांची मुलं येतात ज्यांना दुसरं काही परवडत नाही. त्यांतल्या काहींची घरची भाषाही मराठी नाही. एकेकाळी ज्या भाषेनं आपल्या मैत्रिणीला 'अशुद्ध' म्हटलं, ती आज त्या मुलांच्या भरवशावर उभी आहे. त्यांना आपण काचेआडचे संच देणार आहोत का?

म्हणून दोन-चार सूचना

महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलार नावाचं स्ट्रॉबेरीचं गाव आहे. मे २०१७ मध्ये ते 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथे गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या दिल्या, सरकारनं पुस्तकं आणि कपाटं दिली. कोणीही यावं, ओसरीवर बसावं, वाचावं. ज्या पुस्तकांची मालकी गावकऱ्यांकडे नाही ती त्यांच्या घरात आहेत, आणि दार उघडं आहे. आपल्याला याहून मोठं काही करायची गरज नाही.

माझी विनंती अशी. कपाटं द्यावीत, पण कुलूप लावू नये, आणि ती ऑफिसात किंवा शिक्षकांच्या खोलीत न ठेवता वर्गांसमोरच्या व्हरांड्यात ठेवावीत. आपल्या वेळी वाचनालयाचं लोखंडी कपाट किल्लीवाल्या शिपायाच्या सवडीनं उघडे, हे सगळ्यांना आठवत असेल. कपाटावर देणगीदारांच्या नावांची पाटी नको. संच कमी असावेत आणि सुटी, हलकी, चित्रांची पुस्तकं जास्त. कोशांच्या शेजारी अर्नाळकरही असू द्या, अण्णा भाऊ आणि सुर्वे असू द्या. प्रत्येकानं घरातून नवं कोरं पुस्तक आणण्यापेक्षा स्वतः वाचून फाडलेलं एक पुस्तक आणावं.

आणि एक वही कोरी ठेवावी. आपल्या त्या मैत्रिणीनं तिच्या आजीचे धवले त्यात लिहून द्यावेत, तिच्याच बोलीत, आहे त्या उच्चारात. मी तिला विचारलं, तिनं होकार दिला आहे. उत्तन-राई-मुर्ध्याच्या बाकीच्यांनीही आपापल्या घरची गाणी त्यात घालावीत. ती वही कपाटात मधल्या खणात राहील, मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर.

दहा वर्षांनी पुन्हा मेळावा भरेल तेव्हा आपण ती कपाटं बघायला जाऊ. काही पुस्तकं गायब झालेली, बरीचशी फाटलेली, काहींवर पेनानं कोणाची तरी नावं कोरलेली दिसली, तर आपले पैसे वसूल झाले असं समजावं. सगळी जशीच्या तशी चकचकीत दिसली, तर मात्र मुख्याध्यापकांना भेटून कुलूप कधी लागलं ते विचारावं लागेल.